किती पडले आणि कशाला शिकायचं

दहावीच्या निकालाच्या दिवशी महाराष्ट्रात घरोघर एकच प्रश्न फिरतो: किती पडले? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: आणि गणितात? भूगोलात किती पडले हे शेजारच्या काकू सहसा विचारत नाहीत. तिसरा प्रश्न वर्षभर मुलांच्या आपसांतल्या वादात असतो, शाळेच्या व्हॅनमध्ये, क्लास सुटल्यावर सायकली काढता काढता: हे वर्गसमीकरण पुढे लागणार कुठे? ज्याला चांगले गुण पडलेत तो म्हणतो, इंजिनिअरिंगला लागतं. ज्याला कमी पडलेत तो म्हणतो, बाबांचं दुकान त्याच्यावाचून चाललंय.

मोठी माणसं या प्रश्नांची सरमिसळ करत नाहीत. गुणांचा प्रश्न प्रवेशाच्या खात्यात जातो, उपयोगाचा प्रश्न आळशी मुलाची सबब म्हणून उडवला जातो. मला मात्र हे प्रश्न एकाच मुळाचे वाटतात. ज्या विषयाच्या गुणांवरून आपली किंमत ठरते, त्याच विषयाच्या उपयोगाचा पुरावा मुलं मागतात. चित्रकलेचा किंवा कवितेचा उपयोग काय, असं कुणी इतक्या तावातावानं विचारत नाही, कारण त्यांच्यामुळे कुणाची वाट अडलेली नसते. म्हणून या विषयाचा आढावा गुणांपासूनच सुरू करावा लागतो.

पूर्वी मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करी. ‘बोर्डात आलेला’ ही ओळख माणसाला जन्मभर पुरे. यादी बंद झाली, पण तुलना थांबली नाही. यादी मोजक्या मुलांची होती, आता अकरावीच्या प्रवेशात अर्ध्या टक्क्यानं कॉलेज हुकणारी मुलं हजारोंनी आहेत. त्यात राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसईची मुलं एका रांगेत उभी करायची कशी, हा पेच राज्य सरकारनं लागोपाठ तीन वर्षं तीन तऱ्हांनी सोडवून पाहिला. २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आलं, ते मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केलं. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा ठेवायचं ठरलं, तेही टिकलं नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं. उच्च न्यायालयानं नाकारलेली ही पद्धत सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली आणि ती रुजली.

या पद्धतीनं गणिताचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. समजा एका मुलीला मराठीत ९२, हिंदीत ८८, इंग्रजीत ८५, विज्ञानात ८१, समाजशास्त्रात ९० आणि गणितात ५८ पडले. सहा विषयांचे मिळून ४९४, म्हणजे ८२.३३ टक्के. सर्वांत कमी गुणांचा विषय सोडला की ५०० पैकी ४३६, म्हणजे ८७.२ टक्के. जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक, आणि तो गणित बाहेर काढल्यानं पडला. याचा अर्थ ज्या विषयाला आपण सर्वांत महत्त्वाचा म्हणतो, त्याचेच गुण टक्केवारीतून वगळायची सोय आपण हजारो मुलांना करून दिली आहे. मुलगी सुटकेचा श्वास टाकते. पण गुणपत्रिकेवर ५८ छापलेलेच असतात, आणि विज्ञान शाखा घेऊ का म्हणून ती विचारते तेव्हा घरात तोच आकडा पुढे केला जातो.

मंडळाचे आकडे परीक्षेच्या रचनेनं किती हलतात, याचा पुरावा २०१९ मध्ये मिळाला. त्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे शाळेनं द्यायचे वीस गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अकरावीत दुसऱ्या मंडळांची मुलं पुढे गेल्याची ओरड झाली आणि ते गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुलं अठरा टक्क्यांनी हुशार होत नाहीत. शंभर टक्के मिळवणारी मुलं २०१९ मध्ये २० होती, २०२० मध्ये २४२ झाली. २०२५ मध्ये अशी २११ मुलं होती आणि त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. क्रीडा, चित्रकला, शास्त्रीय नृत्य, लोककला यांचे सवलतीचे गुण धरून ही बेरीज शंभरावर जाते. या मुलांची मेहनत खरी आहे आणि कौतुकाला पात्रही आहे. प्रश्न मोजपट्टीचा आहे. इतकी मुलं जिच्या अगदी टोकाला पोचतात, ती पट्टी त्यांच्यात फरक दाखवू शकत नाही, तरीही सगळी व्यवस्था तिच्यावरच्या दशांशांवर चालते.

तुलना मोडण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न सीबीएसईनं करून पाहिला. २००९ पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि टक्क्यांऐवजी श्रेणी आली. ९१ आणि १०० गुण मिळवणाऱ्या दोघांनाही एकच श्रेणी. हेतू असा की नऊ गुणांच्या फरकापायी कुणाची झोप उडू नये. पण मंडळानंच श्रेणीगुणांची सरासरी साडेनवानं गुणून अंदाजे टक्केवारी काढायची रीत सांगितली, आणि पालकांना तेवढंच हवं होतं. ९.२ म्हणजे ८७.४, असा हिशेब घरोघर सुरू झाला. दहावीची सक्तीची बोर्ड परीक्षा २०१८ मध्ये परत आली. पुढच्या दाराशी गुणच मागितले जात असतील, तर प्रगतिपुस्तकावर अक्षर छापून तुलना जात नाही. हा धडा आपण पुरता घेतला आहे असं मला वाटत नाही.

तुलनेनं मुलाच्या मनात काय होतं, यावर चांगलं संशोधन झालं आहे. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना कामाबद्दल फक्त अभिप्राय दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. ज्यांना नुसता अभिप्राय मिळाला त्यांची गोडी टिकली आणि काम सुधारलं. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना मात्र अभिप्रायाचा फायदा झाला नाही, ती नुसते गुण मिळालेल्या मुलांसारखीच राहिली. वहीवर शेरा लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हे लक्षात ठेवावं. शेजारी ‘१२/२०’ असं लिहिलं की खालच्या दोन ओळी मूल वाचत नाही, बाकावरच्या मित्राचा आकडा बघतं.

ऑस्ट्रेलियातले हर्बर्ट मार्श यांचं १९८६ मधलं काम मला याहून महत्त्वाचं वाटतं. भाषेत हुशार असलेली मुलं बहुधा गणितातही बरी असतात, दोन्हींच्या गुणांत घट्ट नातं आढळतं. पण ‘मी भाषेत चांगला’ आणि ‘मी गणितात चांगला’ या दोन समजुतींत मात्र जवळजवळ काहीच नातं आढळत नाही. मार्श यांचं स्पष्टीकरण असं की मूल दोन तुलना करतं. एक वर्गातल्या इतरांशी, दुसरी स्वतःच्याच दोन विषयांत. मराठीत ९२ मिळवणारी मुलगी गणितातल्या ७४ कडे बघून ठरवते की आपल्याला गणित येत नाही. ७४ गुणांची मुलगी! वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांपेक्षा तिला गणित चांगलं येत असेल, पण स्वतःपुरती तिनं ती वाट बंद केलेली असते. घरातून त्यात भर पडते: हिचं गणित कच्चंच आहे, आईवर गेलीय. नववीत हीच मुलगी विचारते, याचा उपयोग काय? तिला हवं असतं ते नको असलेला विषय सोडायला एक सन्मानाचं कारण.

तरीही तिच्या शब्दांना शब्दशः उत्तर द्यायला हवं, कारण प्रश्न रास्त आहे. आपण देतो ती उत्तरं साधारण तीन.

पहिलं, व्यवहारात लागतं. यावरचं प्रसिद्ध काम ब्राझीलमधल्या रेसिफी शहरातलं आहे. तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर नारळ, कलिंगडं विकणाऱ्या पाच मुलांशी गिऱ्हाईक होऊन बोलून त्यांचे हिशेब टिपले आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. विक्री करताना मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली. दहा नारळांची किंमत एक मुलगा तीन-तीनचे गट करून बिनचूक सांगत होता, पण शाळेची रीत आली की अडत होता. नमुना लहान होता, म्हणून अनेकांना शंका होती. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास मांडला आणि तेच दिसलं. त्यात एक जास्तीची गोष्ट होती. बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावरची गणितं करत होती, पण बाजारातला हिशेब त्यांना नीट जमत नव्हता. म्हणजे व्यवहारातून शाळेत किंवा शाळेतून व्यवहारात, गणित आपोआप उतरत नाही. हे उतरवणं हेच शिक्षकाचं काम आहे, आणि आपल्या वेळापत्रकात त्याला तासच नाही.

मराठी शाळेनं एके काळी हे काम केलं होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे पोरांकडून घोकून घेत, कारण मण-शेर आणि रुपये-आणे-पै यांचा हिशेब पाव-अर्ध्या-पाऊणपटीतच चाले. सव्वातीन रुपये शेर दराचं दीड शेर तूप तोंडी सांगता येई. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मग मेट्रिक मापं आली, आणि हे पाढे हळूहळू अंकलिपीच्या मागच्या पानांवर उरले. त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांचं मला पटत नाही, त्यांचा काळ सरला. पण त्यांच्यावरून एक कळतं: व्यवहाराचं गणित काळाप्रमाणे पुन्हा ठरवावं लागतं. आजचा व्यवहार कर्जाचा आहे. एक लाख रुपये ‘बारा टक्के फ्लॅट’ दरानं दोन वर्षांसाठी घेतले तर व्याज चोवीस हजार, हप्ता ५,१६७ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं, म्हणून घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बचत गटातल्या बाईला आणि मोबाइल हप्त्यावर घेणाऱ्या पोराला हे कळायला हवं.

राज्याच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे, जीएसटी आणि शेअर यांचं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी उपयोगाच्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर मला मनापासून आवडतं. पण परीक्षेच्या तयारीत त्याचं काय होतं? सूत्र, किंमत घाला, तीन गुण. मुलाच्या घरातलं खरं बिल वर्गात येत नाही. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या मुलांना सवलतीनंतरची किंमत, कर्जाची परतफेड अशीच कामं दिली होती. त्या वयोगटातल्या ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. बाकीच्यांना त्रिकोणमितीचा उपयोग पटवून सांगण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरं उत्तर, गणितानं डोकं तल्लख होतं. घरातली मोठी माणसं हे हमखास सांगतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून हा दावा तपासला. लॅटिन किंवा भूमिती शिकलेल्यांची एकूण विचारशक्ती इतर विषय शिकलेल्यांपेक्षा फारशी वाढलेली दिसली नाही. चांगला विचार करणारी मुलं ते विषय घेत, म्हणून ते विषय चांगला विचार शिकवतात असं वाटे. शंभर वर्षांपूर्वी हलवलेला हा दावा आपण अजून मुलांसमोर ठेवतो. सिद्धता लिहिताना एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर का गेलो हे सांगावं लागतं, ही सवय मोलाची आहे. पण प्रमेय पाठ करून लिहिलं तर तीही लागत नाही.

तिसरं, करिअर. हे उत्तर सर्वांत प्रामाणिक आहे. डेन्मार्कमध्ये गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात काही शाळांनी प्रगत गणित घेणं सोपं करून पाहिलं. एरवी ज्यांनी ते घेतलं नसतं अशा मुलांची कमाई पुढे जास्त राहिल्याचं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. उलट बाजू अँड्र्यू हॅकर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मांडली: सक्तीच्या बीजगणितापायी अमेरिकेतली मुलं शाळा सोडतात, त्याऐवजी आकडेवारी समजून घेणारं नागरिकाचं गणित शिकवा. गणितज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. हॅकर यांचं निदान मला बरंचसं पटतं, उपाय धोक्याचा वाटतो. सोपं गणित कुणाच्या वाट्याला येईल, हे मुलाची समज ठरवणार नाही, त्याच्या वस्तीतली शाळा ठरवील.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही, कारण महाराष्ट्रानं तो प्रयोग केला आहे. नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घ्यायची सोय काही वर्षं होती. ते घेतलेल्यांना विज्ञान शाखेची वाट बंद असे. अनेक मुलांना त्यानं दहावी पार करून दिली हे नाकारता येत नाही. पण नववीत, चौदाव्या वर्षी, हा निर्णय कोण घेई? कित्येकदा शाळेच्या निकालाची काळजी असलेली शाळाच. नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो पर्याय गेला. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. गणनअक्षमता असलेल्या मुलांना खालच्या इयत्तेच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलत आहे. ती योग्यच आहे, पण तिच्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मिळवणं शहरातल्या जाणत्या पालकांनाच झेपतं.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात नवी कल्पना आली: गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांना पास करायचं, आणि गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की या विद्यार्थ्यानं पुढे हे विषय घेऊ नयेत. मूल नापासाच्या शिक्क्यानं घरी बसू नये, या हेतूशी माझं भांडण नाही. शेरा मात्र मला सहन होत नाही. ज्या मुलाला चौथीत भागाकार कुणी नीट शिकवला नाही, त्याच्या कागदावर व्यवस्थेनं आपलं अपयश त्याच्या नावानं लिहून द्यायचं?

सामान्य गणित, बेस्ट ऑफ फाइव्ह, वीस गुण हे सारे उपाय दहावीच्या उंबऱ्यावरचे आहेत. गणित सुटतं ते तिसरी ते सहावीच्या दरम्यान: हातचा, भागाकार, अपूर्णांक. दहावीत वर्गसमीकरण अडलेल्या मुलाची वही मागे मागे चाळत गेलं तर बहुधा अपूर्णांकाच्या बेरजेशी येऊन थांबावं लागतं. या वयाच्या मुलांसाठी काही करू गेलं तर काय होतं, ते २०१९ मध्ये दिसलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असं संख्यावाचन दिलं, म्हणजे दशक आधी आणि एकक नंतर. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मुलं जोडाक्षरी संख्यानामांशी अडतात, हा त्यांचा अनुभवाचा मुद्दा होता. विधानसभेपर्यंत गदारोळ झाला, भाषा बुडाली म्हणून. सात वर्षांच्या मुलाला त्रेसष्ट लिहिताना सहा आधी की तीन आधी, हे कळत नाही, यावर मात्र फार थोडी माणसं बोलली.

नारळीकर बाईंनी जन्मभर मुलांसाठी गणित सोपं करून लिहिलं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आकड्यांशी खेळत आणि ६१७४ या संख्येनं त्यांचं नाव जगभर नेलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत एवढंच. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, पुन्हा पुन्हा करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. पाचवीच्या वर्गात हे करून बघा. कुणीही विचारत नाही की याचा उपयोग काय, आणि उपयोग तर काहीच नाही. त्या तासाला गुण नसतात, आणि वजाबाकीचा जेवढा सराव होतो तेवढा एका स्वाध्यायात होत नाही.

आता पुढचा निर्णय दोन पातळ्यांच्या परीक्षेचा आहे. सीबीएसईनं २०२० पासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन गणिताचे पेपर ठेवले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं गणितापासून सुरुवात करून इतर विषयांतही अशा पातळ्या सुचवल्या आहेत. राज्य मंडळ हे करील तेव्हा तीन गोष्टी आधी विचारायला हव्यात. पातळी कोणत्या वर्षी ठरेल: जितकी उशिरा, तितकं बरं. ती मूल ठरवील की शाळा: मुलाची आणि पालकांची लेखी संमती असल्याशिवाय शाळेनं ती ठरवू नये. आणि सोपी पातळी घेतलेल्या मुलाला वर्षभरानं वाटलं की आता जमेल, तर परत यायला एक पुरवणी परीक्षा असेल का. सामान्य गणिताच्या काळात ती नव्हती, आणि आराखड्यातल्या त्या शेऱ्यातही तिला जागा ठेवलेली नाही.